‘ट्रेझरी बेंच’साठी मराठी शब्द: सत्ताधारी बाके की सरकारी बाके?

पागोळी

एका अभ्यासक मैत्रिणीसाठी १९२०च्या दशकातल्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कामकाजाचं मराठी करते आहे. पानोपानी ‘ट्रेझरी बेंचेस’ येतं, म्हणजे सभागृहात सरकारची माणसं बसतात ती बाकं. पहिली चाळीस पानं मी हाताच्या सवयीने ‘सत्ताधारी बाके’ लिहीत गेले. काल रात्री वाचून पाहिलं आणि थबकले. त्या सभागृहात सत्ताधारी पक्ष होताच कुठे? समोर बसलेले होते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि सरकारी अधिकारी. निवडून आलेले सदस्य संख्येने जास्त, अनेकदा ठराव जिंकणारे, पण समोरच्यांना त्या जागेवरून उठवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मग ‘सत्ताधारी बाके’ म्हटलं की आजचा वाचक पक्ष, बहुमत, निवडणूक असं सगळं आपोआप त्यात भरणार, आणि ते चूक ठरणार.

एका शब्दकोशात ‘कोषागार बाके’ असा पर्याय दिसला. तो तर मला अजिबात चालत नाही. आपल्याकडे कोषागार म्हटलं की जिल्ह्याचं कोषागार कार्यालय आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रं डोळ्यांसमोर येतात.

मुळात ‘ट्रेझरी’ का, आणि मराठीत काय लिहावं? जाणकारांनी मदत करावी.

मधली सुट्टी

पागोळी, मला यात अडचण दिसत नाही. ‘सत्ताधारी बाके’ हा मराठीत पक्का रुळलेला शब्द आहे. ‘आम्ही विरोधी बाकांवर बसू’ असं कोणी म्हणालं तर शाळकरी मुलालाही कळतं. त्याच्या समोरची ती सत्ताधारी बाके. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, मुलांना यात कधी शंका येत नाही. रुळलेला शब्द मोडून नवा आणला की वाचक अडखळतो. जुन्या काळासाठी खाली टीप द्या आणि पुढे चला.

ताम्रपट

‘ट्रेझरी’ का, एवढ्याचं उत्तर देतो. बाकीच्या वादात नंतर येतो.

ब्रिटनच्या पंतप्रधानाचं जुनं पद ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, म्हणजे खजिन्याचा पहिला अधिपती. १० डाऊनिंग स्ट्रीटच्या दरवाज्यावरच्या टपालाच्या झडपेवर आजही तीच अक्षरं आहेत, पंतप्रधान हा शब्द तिथे नाही. १७२१ मध्ये रॉबर्ट वॉलपोल या पदावर आले. त्यांना पहिला पंतप्रधान मानतात ते इतिहासकार, त्या वेळच्या कागदांत पद खजिन्याचंच. आणखी एक गंमत वाटेल अशी गोष्ट: तिथल्या सरकारचा मुख्य प्रतोद अधिकृतपणे ‘ट्रेझरीचा संसदीय सचिव’ असतो आणि त्याच्या हाताखालचे काही प्रतोदही कागदोपत्री ट्रेझरीचेच लॉर्ड. म्हणजे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जे पहिलं बाक, त्यावर बसणारी मंडळी खरोखरच खजिन्याची माणसं होती. त्या एका बाकाचं नाव ‘ट्रेझरी बेंच’. मागच्या बाकांना ते नाव नव्हतं.

आता बाकंच का, खुर्च्या का नाहीत? ब्रिटिश संसदेचं कॉमन्स सभागृह सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १८३४च्या आगीपर्यंत सेंट स्टीफन्स नावाच्या प्रार्थनागृहात भरत असे. तिथे गायकवृंदासाठी समोरासमोर बाकांच्या रांगा होत्या, सदस्य त्यांवर बसले. त्या रचनेतून ‘समोरची बाजू’ ही कल्पना घट्ट झाली. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने सभागृह उद्ध्वस्त झालं तेव्हा अर्धवर्तुळाकार बांधायची संधी होती, पण चर्चिल यांनी जुनाच लांबट आणि लहान आकार हवा असा आग्रह धरला. आजही तिथे ६५० सदस्यांना साधारण ४२७ जागा आहेत, आणि उशिरा येणारे उभे राहतात.

फ्रान्समध्ये १७८९ साली अध्यक्षाच्या उजवी-डावीकडे बसण्यावरून राजकारणातले उजवे आणि डावे जन्माला आले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथली बाजू विचारावरून ठरली आणि इंग्लंडातली पदावरून. लोकसभेत डाव्या विचाराचे मंत्री झाले तरी ते अध्यक्षांच्या उजवीकडेच बसणार, ते त्यामुळे.

कोरी पाटी

राज्यसेवेचा अभ्यास करतोय, म्हणून विचारतो. मग आपल्या लोकसभेत ट्रेझरी बेंच म्हणजे फक्त पहिली रांग की उजवीकडचा सगळा भाग? पुस्तकात एकच ओळ आहे: ‘अध्यक्षांच्या उजवीकडे सत्ताधारी पक्ष, डावीकडे विरोधी पक्ष.’

लघुलिपी

मी विधिमंडळात प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपून घेणारी, म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमचं टेबल अध्यक्षांच्या आसनासमोर, सचिवांच्या मेजाजवळ. दर काही मिनिटांनी माणूस बदलायचा, पण बसायची जागा तीच, त्यामुळे सभागृह आयुष्यभर खालून वर पाहिलं. त्या जागेवरून जे दिसतं ते सांगते.

कोरी पाटी, तुझ्या पुस्तकातली ती ओळ अर्धवट आहे. लोकसभेच्या जुन्या सभागृहात सहा गट होते, प्रत्येकात अकरा रांगा. अध्यक्षांच्या उजव्या हाताचा पहिला आणि डाव्या हाताचा सहावा, या दोन गटांत प्रत्येकी ९७ जागा. मधल्या चार गटांत प्रत्येकी ८९. बेरीज ५५०. उजवीकडे पुढे पंतप्रधान आणि मंत्री. डावीकडे पुढे उपाध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी विरोधी पक्षनेता. कोणी कुठे बसायचं हे ठरवण्याचा अधिकार अध्यक्षांचा, लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ४ तसं स्पष्ट सांगतो. पक्षाच्या संख्येच्या प्रमाणात पुढच्या रांगेतल्या जागा वाटून देतात. २०२३ पासून कामकाज नव्या इमारतीत चालतं, तिथे लोकसभेत ८८८ जागा आहेत, पण उजवं-डावं तेच राहिलं.

आता उजवीकडचा तो सगळा भाग कोणाचा? इथे मला मधली सुट्टी यांच्याशी मतभेद नोंदवायचा आहे, आदराने. आमच्या कामात एक प्रश्न रोज पडायचा: बोलणारी व्यक्ती मंत्री म्हणून बोलते आहे की सदस्य म्हणून? विधिमंडळाच्या मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, ‘अशासकीय सदस्य’. जो मंत्री नाही तो अशासकीय. तो मुख्यमंत्र्यांच्याच पक्षाचा असो, त्यांच्या मागच्याच बाकावर बसत असो, तो अशासकीय सदस्यच. त्याने आणलेलं विधेयक अशासकीय विधेयक, ठराव अशासकीय ठराव. म्हणजे नियमांनी रेघ पक्ष आणि पक्ष यांच्यात ओढलेली नाही, मंत्री आणि बाकी सगळे यांच्यात ओढली आहे. ‘सत्ताधारी बाके’ या शब्दाने ती रेघ पुसली जाते.

याचा उलटा पुरावाही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बसून बोलता येतं, मतदान मात्र तो ज्या सभागृहाचा सदस्य आहे तिथेच. राज्यासाठी हेच अनुच्छेद १७७ मध्ये. राज्यसभेतला मंत्री लोकसभेत येऊन उजवीकडे पहिल्या रांगेत बसतो, जरी तो त्या सभागृहाचा सदस्यच नाही. विधान परिषदेतले मंत्री विधानसभेत बसलेले मी वर्षानुवर्षं पाहिले. ती जागा पक्षाची असती तर परक्या सभागृहातल्या माणसाला ती मिळाली नसती. ती शासनाची जागा आहे.

उंबरठा

वा, लघुलिपीताई! अशासकीय सदस्याचा हा अर्थ मी पहिल्यांदाच नीट समजून घेतला. बातम्यांत ‘खासगी विधेयक’ वाचून मला ते विरोधकांचंच वाटायचं.

मधली सुट्टी

ताई, मुद्दा मान्य, पण व्यवहारात फरक काय पडतो? सत्ताधारी पक्षाचा साधा आमदार मंत्र्यांच्या बाजूनेच बोलणार, त्यांच्याच बाजूने हात वर करणार. मग ती सगळी बाजू एकाच नावाने ओळखली तर काय बिघडलं?

ताम्रपट

बिघडतं ते असं, एकच उदाहरण देतो.

डिसेंबर १९५७. फिरोज गांधी काँग्रेसचे खासदार, रायबरेलीचे, मंत्री नाहीत. पंतप्रधानांचे जावई. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे साधारण सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते. लोकांच्या विम्याचा पैसा कोणाच्या सांगण्यावरून गेला, हा प्रश्न फिरोज गांधींनी लोकसभेत उभं राहून आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत खुली झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

आता हे मराठीत कसं लिहाल? ‘सत्ताधारी बाकांवरून सत्ताधारी बाकांना प्रश्न विचारला गेला’? वाक्याला अर्थच उरत नाही. आणि ‘सरकारी बाकांना मागच्या बाकावरून प्रश्न विचारला गेला’ म्हटलं की घडलं ते लख्ख दिसतं. खजिना सांभाळणारा पुढे बसलेला, खजिन्याचा हिशोब मागणारा त्याच्याच पाठीमागे. ‘ट्रेझरी’ या शब्दातला खरा जीव मला इथे दिसतो. पैसा खर्च करायची मागणी फक्त शासन करू शकतं आणि तो मंजूर करायचा अधिकार फक्त सभागृहाचा. मागणारा आणि देणारा यांच्यातली ती रेघ आहे. देणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचा साधा सदस्यही येतो, हे आपण भाषेतूनच विसरत चाललो आहोत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच फिरोज गांधींनी अशासकीय विधेयक आणून १९५६ साली संसदेचं कामकाज छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा कायदा करून घेतला. स्वातंत्र्यानंतर मंजूर झालेली अशासकीय विधेयकं फक्त १४, शेवटचं १९७० मधलं. त्या चौदांतलं हे एक.

कोरी पाटी

पण १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. मग फिरोज गांधींसारखा सदस्य आता होऊ शकतो का? नाही तर मधली सुट्टी म्हणतात तेच बरोबर.

लघुलिपी

मत देणं वेगळं, विचारणं वेगळं. पक्षांतरबंदीची ती तरतूद, म्हणजे संविधानाची दहावी अनुसूची, पक्ष सोडण्याबद्दल आणि मतदानाबद्दल बोलते. प्रश्न विचारण्याने सदस्यत्व जात नाही.

आमच्या नोंदी काढून बघ. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, यांत सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांची नावं भरपूर सापडतील. आपल्या मतदारसंघातला पूल का रखडला, दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे ते आपल्याच मंत्र्याला विचारतात, आणि काही वेळा विरोधकांपेक्षा जास्त तिखट विचारतात. मागच्या रांगेतला एखादा सदस्य उठला की पुढचा मंत्री मान वळवून मागे बघायचा. समोरून प्रश्न आला तर मान सरळ, मागून आला तर वळलेली. माझं निम्मं काम त्या मानेवरून सोपं व्हायचं.

उंबरठा

एक साधा हिशोब सुचला. लघुलिपीताईंनी दिलेल्या आकड्यांनुसार उजवीकडचे तीन गट मिळून ९७, ८९ आणि ८९, म्हणजे २७५ जागा. डिसेंबर १९८४च्या निवडणुकीत काँग्रेसला ४०४ जागा मिळाल्या. म्हणजे किमान १२९ काँग्रेस खासदार मध्यरेषा ओलांडून डाव्या अर्ध्यात बसले असणार! महाराष्ट्रातही २०२४ नंतर २८८ पैकी दोनशेच्या वर आमदार सरकारच्या बाजूचे आहेत, ते उजव्या अर्ध्यात मावणारच नाहीत. म्हणजे ‘उजवीकडची ती सत्ताधारी बाके’ ही व्याख्या मोजायला गेलं तरी टिकत नाही. मंत्र्यांची बाकं मात्र कितीही मोठं बहुमत आलं तरी जागची हलत नाहीत.

ताम्रपट

उंबरठा, हे फार छान काढलंत. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पागोळी

चर्चा वाचून डोकं बरंच स्वच्छ झालं. मध्येच एक विचारू का? ‘वेल ऑफ द हाउस’ला तुम्ही सगळे काय म्हणता? माझ्या मजकुरात तो शब्द आला नाही, पण पुढे लागू शकतो.

मधली सुट्टी

हौदा! ‘सदस्य हौद्यात उतरले.’ याबाबतीत मराठी पत्रकारांना माझा मनापासून दंडवत. बाकांच्या रांगा चढत गेलेल्या आणि मध्ये खोलगट जागा, तिला ‘हौदा’ म्हटल्यावर चित्रच उभं राहतं. ‘विहीर’ म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं?

लघुलिपी

हौदा बरोबर. आमचं टेबल हौद्यातच असे, त्यामुळे गोंधळ झाला की पहिला धक्का आम्हाला. लोकसभेत २००१ पासून नियम ३७४अ आहे. हौद्यात येऊन कामकाज बंद पाडणाऱ्या सदस्याचं नाव अध्यक्षांनी घेतलं की तो पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, यातलं जे कमी असेल तेवढ्यासाठी आपोआप निलंबित होतो.

आणि बातम्यांतला ‘बाके वाजवून स्वागत केले’ हाही शब्दप्रयोग तपासून घ्या. वाजवतात ते समोरचं मेज. बाकावर तर ते बसलेले असतात. पण हा प्रयोग इतका मुरलाय की मीही बोलताना तसंच बोलते.

ताम्रपट

मूळ विषयाकडे येतो, कारण पागोळी यांचा काळ १९२०च्या दशकातला आहे आणि तो मुद्दा सुटू नये.

एकाच माणसाचा प्रवास या बाकांवरून पाहिला तर शब्दाची गरज कळते. डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबई कायदेकौन्सिलात नियुक्त सदस्य. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून येऊन मुंबई विधानसभेत विरोधात. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळात ट्रेझरी बेंचवर. त्या वेळी ते कोणत्या ‘सत्ताधारी पक्षाचे’ होते? कोणत्याच नाही. १९४७ पासून कायदामंत्री, पुन्हा ट्रेझरी बेंचवर, आणि तेव्हाही काँग्रेसचे सदस्य नाहीत. सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा. १० ऑक्टोबरला निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा प्रत आधी द्या अशी अट आली. ती त्यांना मान्य नव्हती. ते सभागृहाबाहेर गेले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. १९५२ पासून राज्यसभेत विरोधात.

या माणसाच्या चरित्रात ‘सत्ताधारी बाके’ लिहिलं तर दोन्ही वेळा वाचकाची दिशाभूल होते. ‘सरकारी बाके’ लिहिलं तर दोन्ही वेळा नेमकं बसतं.

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी आठवतं. १९७७ मध्ये ते लोकसभेत विरोधी पक्षनेते. जुलै १९७९ मध्ये पुन्हा काही दिवस विरोधी पक्षनेते आणि त्याच महिन्यात चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान. पण त्या सरकारने लोकसभेला सामोरं जाण्याआधीच राजीनामा दिला. डावीकडचं पहिलं बाक सोडलं, उजवीकडचं मिळालं, आणि त्यावर बसून उत्तर द्यायची वेळच आली नाही. पद आणि बाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकावरचा माणूस सभागृहाला उत्तर देतो, तेव्हाच ते ट्रेझरी बेंच.

मधली सुट्टी

आंबेडकरांच्या उदाहरणाने मी अर्धी हरले, हे कबूल करते. १९४७च्या आधीच्या काळासाठी ‘सरकारी बाके’च हवं. आजच्यासाठी मात्र ‘सत्ताधारी बाके’ पूर्ण टाकून देऊ नका. एखाद्या मतदानात ती सगळी बाजू एकत्र उभी राहते तेव्हा तो शब्द खरा असतो. मंत्री उत्तर देत असतील तिथे ‘सरकारी बाके’, सगळी बाजू अभिप्रेत असेल तिथे ‘सत्ताधारी बाके’. यंदा वर्गात फळ्यावर अर्धवर्तुळ काढून पुढची रांग वेगळ्या खडूने रंगवणार आहे.

कोरी पाटी

आणि मागची रांग ‘बॅकबेंचर’! आपल्याकडे तो शब्द वर्गातल्या मागे बसणाऱ्या मुलांसाठीच वापरतात. संसदेत ‘पद नसलेला सदस्य’ एवढाच अर्थ आहे हे आज कळलं.

लघुलिपी

बरोबर. कमीपणा त्यात काही नाही.

पागोळी

सगळ्यांचे खूप आभार. निर्णय घेतला. या अनुवादात ‘सरकारी बाके’.

एक प्रसंग आहे ज्यासाठी हा शब्द मला नेमका हवा होता, आता सांगते. माझ्या मजकुराला मैत्रीण ८ एप्रिल १९२९ या दिवसावर टीप जोडते आहे. विठ्ठलभाई पटेल अध्यक्षस्थानी, सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ते निर्णय देणार एवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. जखमी झालेल्यांत वित्त सदस्य जॉर्ज शुस्टर होते. टिपेत माझा पहिला मसुदा होता, ‘सत्ताधारी बाकांच्या दिशेने बॉम्ब टाकले’. आज वाचताना अंगावर काटा आला. त्या दोघांनी निवडून आलेल्या कुठल्या पक्षावर बॉम्ब टाकले नव्हते. ज्यांना सभागृह हटवू शकत नव्हतं, त्या सरकारला ऐकू जावं म्हणून टाकले होते. एका विशेषणाने मी तो सगळा अर्थच फिरवला असता.

संगणकावर एका फटक्यात शोधून बदलणार नाही. एकेक जागा वाचून बदलते आहे, कारण काही ठिकाणी मूळ बोलणाऱ्याने समोरच्या सगळ्यांना उद्देशून ते म्हटलं आहे आणि काही ठिकाणी फक्त एका सदस्याला. सत्तावीस जागा झाल्या, अजून साधारण तेवढ्याच उरल्या आहेत. लघुलिपीताई, शंका आली तर तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला तर चालेल ना?

लघुलिपी

जरूर पाठव. ज्या ओळीवर अडशील त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन वाक्यंही पाठव, नुसती ओळ नको.